भोपळा, जवारी आणि जुना तंबोरा

भोपळा या फळाला आपल्या मराठी भाषेने फारसा मान दिलेला नाही. परीक्षेत शून्य गुण मिळाले की ‘भोपळा मिळाला’ असे आपण म्हणतो. विळ्याशी तर त्याचे पिढीजात वैर. एखाद्याचा भ्रम फुटायचा झाला तरी तो भोपळ्यासारखाच फुटतो. गोष्टीतल्या म्हातारीने तेवढी त्याची कदर केली आणि त्यात बसून वाघाच्या तावडीतून सुटली. पण आमच्या मंगळवेढ्याच्या आणि पंढरपूरच्या परिसरात, भीमेच्या काठाने, एक भोपळा असा पिकतो की ज्याच्यावाचून भारतातल्या कित्येक थोर गवयांना मैफलीत सूर लावता आला नसता. आज त्याविषयी, आणि त्याच्यापासून बनलेली जुनी वाद्ये दुरुस्त करण्याच्या कलेविषयी, थोडे बोलायचे आहे.

मंगळवेढे म्हटले की लोकांना दामाजीपंत आठवतात, चोखोबा आठवतात, आणि मालदांडी ज्वारी आठवते. आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ज्वारीच्या या मुलखाचा तंबोऱ्याच्या जवारीशीही संबंध आहे, हे गावातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. शब्दांचा हा योगायोग कोशकारांनी काय वाटेल तसा सोडवावा. मला मात्र वर्गात तो सांगताना दरवेळी गंमत वाटते.

हा भोपळा खाण्याचा नव्हे. तो कडू. कडू म्हणूनच त्याचे कवच टिकते. वेलावरच तो पूर्ण पिकू द्यायचा, वाळू द्यायचा, आणि आतल्या बिया खुळखुळ वाजू लागल्या की समजायचे, आता हा काठीसारखा कडक झाला. मिरजेस नेल्यावर कारागीर त्याचे तोंड कापतात, पाण्यात भिजवून मऊ करतात, आतला गाभा खरवडून काढतात आणि तोंडाला गोल आकार यावा म्हणून आत काड्यांचे ताण देऊन पुन्हा वाळवतात. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला चार फुटांच्या वर घेराचा भोपळा लागतो. त्यातही तो चोहोबाजूंनी सारखा हवा, कवच जाड असावे पण जड नसावे. शेतभर भोपळे असले तरी असा एखादाच निघतो. लाकूड कापून, तासून हवे तसे करता येते. भोपळा मात्र वेलाने जसा दिला तसा घ्यावा लागतो.

मिरजेचा हा धंदा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा. फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन हे शिकलगार बंधू, म्हणजे तलवारी-हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अंमल बसला आणि हत्यारांचे दिवस सरले. १८५०च्या सुमारास हे बंधू वाद्ये दुरुस्त करू लागले, मग नवी घडवू लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याचे वेड होते, त्यामुळे गवई येत, राहत, आणि त्यांची वाद्ये मोडतही असत. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस राहिले. १९३७ साली ते वारले. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. खाँसाहेबांचा तंबोऱ्याविषयीचा कटाक्ष ऐकून माहीत असलेले लोक सांगत की, आधी तंबोरे जुळत आणि मग गाणे सुरू होई. तंबोरे जुळायला लागणारा वेळ हाही मैफलीचाच भाग. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लक्षात घ्या, या घराण्याची सुरुवात दुरुस्तीपासून झाली आहे.

आता थोडे परदेशात जाऊ. आमच्या महाविद्यालयातील मुले स्नेहसंमेलनात गिटार घेऊन येतात. त्यातल्या काही गिटारींच्या पोटाचा एक खांदा कापलेला असतो. त्याला ते ‘कटअवे’ म्हणतात. मी एकदा विचारले, बाबांनो, ही खाच कशासाठी? शोभेसाठी, असे उत्तर आले! शोभेसाठी नव्हे. गिटारचा डावा हात पट्टीवरून सरकत पोटाजवळच्या उंच स्वरांकडे गेला की त्याला पोटाचा खांदा आडवा येतो. तो कापला की हाताला वाट मिळते. पॅरिसच्या सेल्मर कंपनीने १९३२ साली मारिओ माकाफेरी या इटालियन वादकाच्या आराखड्यावरून अशी खांदा कापलेली गिटार काढली. जँगो राइनहार्ट या जिप्सी वादकाने ती जगप्रसिद्ध केली. आगीत भाजून डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झालेली, आणि उरलेल्या दोन बोटांनी तो असे वाजवी की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. १९५२ पर्यंत सेल्मरच्या त्या गिटारी हजाराच्या आतच तयार झाल्या. आज त्यांतली एखादी मोडकी मिळाली तरी जाणकार तिच्यावर जीव टाकतात.

तंबोऱ्याला असली खाच लागत नाही, कारण त्याच्या तारा मोकळ्याच छेडायच्या. पंचम, दोन जोड, खर्ज. डाव्या हाताने दाबायचे काही नाही. त्यामुळे भोपळ्याचा गोल अभंग राहिला. पण दुरुस्तीच्या बाबतीत पॅरिसची गिटार आणि मिरजेचा तंबोरा अगदी सख्खे भाऊ. दोघांचे जुने जोड सरसाचे. सरस ऊब आणि ओल लागली की सुटतो, आणि पुन्हा लावता येतो. आजचे झटपट चिकटणारे डिंक सुटतच नाहीत. उघडायला जावे तर जोडाबरोबर लाकूडही फाटते. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराने पुढच्या कारागिरासाठी दार उघडे ठेवले होते, असेच म्हणायचे. दुसरे साम्य दांडीचे. वर्षानुवर्षे तारांचा ताण सोसून ती पुढे झुकते, तारा वर उचलल्या जातात. गिटारवाले मानेचा जोड वाफेने सोडवून कोन सुधारतात. मिरजेचा कारागीर गळ्याचा जोड उघडून तेच करतो. आणि तिसरे म्हणजे, जुने रोगण खरवडून नवे चकचकीत चढवले की जुन्या गिटारची किंमत वाढत नाही, उतरते. हे तिकडच्या लोकांना कळले आहे. आपल्याकडे अजून ‘नव्यासारखे करून द्या’ हाच आग्रह.

याचे एक उदाहरण माझ्यासमोर घडले. माझ्या परिचयाचे एक संगीतशिक्षक होते. ते गेल्यावर त्यांचा तंबोरा कित्येक वर्षे माळ्यावर पडून होता. घराला चुना देताना तो खाली आला तो धाडकन. भोपळ्याला गळ्यापासून वीतभर चीर गेली आणि एका बाजूला मुठीएवढे भगदाड पडले. पुतण्याचे म्हणणे पडले की याचा आता दिवा करून बैठकीत ठेवू. हल्ली तशी फॅशन आहे म्हणे! आजी काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्याही नाहीत. शेवटी आम्ही दोघे तो तंबोरा गोधडीत गुंडाळून मिरजेस घेऊन गेलो.

पुतण्याने दुकानात शिरताच सांगून टाकले, “भोपळा नवा घाला, दांडीला पॉलिश करा, नक्षी बदला. खर्चाचं बघू.” वृद्ध कारागिराने भोपळा मांडीवर घेतला, बोटाने ठिकठिकाणी टिचकी मारली, कान लावला. म्हणाले, “सर, भोपळा बदलला तर हा तंबोरा राहणार नाही. दुसराच होईल.” मला वाटले, धंद्याची भाषा असेल. पण मग त्यांनी समजावले. गळ्याचा लाकडी घेर त्या एका भोपळ्याच्या तोंडाबरहुकूम घडवलेला असतो. दुसरा भोपळा आणला तर त्याचे तोंड जुळत नाही, उतार जुळत नाही. मग गळा तासायचा, तबली नव्याने बसवायची. मूळचे उरले काय? दांडी आणि खुंट्या!

आणि तेवढ्या घेराचा, तेवढ्या जाडीचा भोपळा मिळायचा कुठून, हाही प्रश्न आहेच. आमच्या भागातले शेतकरी पूर्वीइतके भोपळे लावीत नाहीत, ही मिरजेची जुनी तक्रार. मला शेतकऱ्याला दोष देता येत नाही. उजनीचे पाणी आले, ऊस आला; उसाला कारखाना ठरलेला, भोपळ्याला गिऱ्हाईक मोजके. वेल जमीन अडवून महिनोन्‌महिने बसतो, आणि वाळायच्या वेळी पाऊस आला तर फळ कुजते. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला पूर आला तेव्हा काठच्या शेतांची दैना आम्ही पाहिली आहे. मानांकन मिरजेच्या वाद्याला मिळाले हे योग्यच झाले. पण त्या मानांकनातला आणा-दोन आणे वाटा भीमाकाठच्या वेलाच्या पदरात पडला पाहिजे, नाही तर मानांकनाचा कागद भिंतीवर राहील आणि भोपळा मिळणार नाही.

असो. पुतण्या निरुत्तर झाला आणि जुनाच भोपळा सांधायचे ठरले. तारा उतरल्या, खुंट्या काढल्या. तापवलेली पातळ सुरी सरसाच्या जोडातून फिरवून तबली अलगद सुटी केली. भोपळ्याच्या आत, चिरेच्या दोन्ही अंगांना, सरसात भिजवलेली कापडाची पट्टी बसवली. भगदाडासाठी एका मोडक्या भोपळ्याचा, त्याच जाडीचा आणि त्याच वळणाचा तुकडा शोधला. त्याला अर्धा दिवस गेला. फटी लाकडाच्या भुशाने आणि सरसाने बुजवल्या. वरून चपडीच्या पॉलिशचे हात, एकावर एक, पातळ. दांडीला मात्र हात लावला नाही. कारण निघताना आजींनी एकच गोष्ट बजावली होती: वरच्या अंगाला, जिथे मास्तरांचा गाल आणि डोक्याचे तेल लागून लाकूड काळे, गुळगुळीत झाले आहे, तेवढे पुसू नका.

राहिली जवारी. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, आणि तिची पाठ सपाट दिसली तरी तिला किंचित उतार असतो. तार कंप पावताना त्या उताराला लागत-सुटत राहते, आणि तिच्याखाली सुताचा धागा नेमक्या जागी सरकवला की स्वर एकदम उमलतो. तार जिथे छेडली तिथे ज्यांचा कंप शून्य असतो असे स्वरांश उमटू नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा नियम. तंबोऱ्यात ते स्पष्ट उमटतात, आणि त्याचे कारण ही घोडी, हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. वापराने तारांच्या रेघा घोडीवर उमटतात, उतार बिघडतो, आवाज बसतो. मग जवारी काढायची, म्हणजे कानसेने आणि काचकागदाने केसाएवढे घासायचे, तार चढवून ऐकायचे, पुन्हा उतरवून घासायचे. जुन्या घोड्या सांबरशिंगाच्या, हस्तिदंताच्या असत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला, आणि त्या वस्तूंचा व्यापार पुढे बंद झाला. आता उंटाचे हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. आमच्या तंबोऱ्याची घोडी जुनी शिंगाचीच होती. एक दुपारभर त्यांनी ती घासली, आणि त्या दुपारी दुकानात आम्हाला बोलू दिले नाही.

तंबोरा घरी आला तेव्हा भोपळ्यावरचा जोड तुकडा फिकट दिसत होता. पुतण्याला तो खटकला. आजींनी त्यावरून बोट फिरवले आणि, “कळतंय की लावलेलं,” एवढेच म्हणाल्या. कारागिराने आठ दिवस तारा दोन सूर खालीच ठेवायला सांगितल्या होत्या, जोड पक्का होईपर्यंत. मास्तरांची एक विद्यार्थिनी, आता स्वतःच साठीच्या घरातली, तिसऱ्याच दिवशी आली, आणि कोणाला न विचारता तिने चारही तारा काळी एकला चढवून तंबोरा जुळवला. जोड सुटला नाही.