पाचजणींनी सोडवलेले कोडे
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा मोठ्या विषयाला हात न घालता, आम्ही पाचजणी रोज दुपारी जे करतो त्याविषयीच बोलते. मागची आवराआवर झाली, की आम्ही मोबाईलवर इंटरनेटवरची कोडी उघडतो आणि मिळून सोडवतो. कधी सुडोकू, कधी तर्काचे कोडे, तर कधी गुप्त लिपीतला मजकूर. कुणी माझ्या घरी येते, कुणी आपल्या घरूनच व्हॉट्सअ‍ॅपवर असते.

"या वयात हा काय पोरखेळ?" असे आम्हांला पुष्कळांनी विचारले. पण कोडी आपल्याला परकी का आहेत? वात्स्यायनाने ६४ कला सांगितल्या, त्यांत प्रहेलिका म्हणजे कोडी आहेत आणि म्लेच्छितविकल्प म्हणजे गुप्त लेखनही आहे. महानुभाव पंथाच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या, म्हणून कित्येक शतके बाहेरच्यांना त्या वाचता येत नव्हत्या. आणि आपण सगळ्याजणी लहानपणी 'च'ची भाषा बोललोच आहोत! पहिले अक्षर उचलायचे, शेवटी नेऊन ठेवायचे, आणि त्याच्या जागी 'च' बसवायचा. 'मला'चे 'चलाम' होते. मोठ्यांना कळू नये म्हणून केलेली ती गुप्त लिपीच होती.

रोमचा सेनापती ज्युलियस सीझर याची युक्तीही याच जातीची. तो प्रत्येक अक्षराऐवजी पुढचे तिसरे अक्षर लिहीत असे. आपल्या बाराखडीत करून पाहा. 'न'च्या पुढे प, फ, ब. म्हणून 'न'चा 'ब'. 'थ'च्या पुढे द, ध, न. म्हणून 'थ'चा 'न'. म्हणजे 'नथ' लिहायची तर 'बन' लिहावे. वाचणारा झाडे शोधत बसेल आणि नथ सुखरूप राहील!

असाच एक इंग्रजी मजकूर आमच्याकडे आला. अक्षरे किती घरे पुढे सरकवली आहेत, ते माहीत नव्हते. इंग्रजी अक्षरे २६, तेव्हा सरकवण्याच्या तऱ्हा २५. एकटीने बसायचे म्हणजे दुपार गेली. आम्ही पाचजणी; प्रत्येकीने पाच तऱ्हा वाटून घेतल्या. पहिलाच शब्द उलगडून पाहायचा, अर्थ लागला तर ओरडायचे. चहा उकळेपर्यंत किल्ली सापडली. सांडगे-पापड आपण असेच घालतो की नाही?

आमच्यात एक वहिनी आहेत. शाळा चौथीत सुटली. पहिले काही दिवस त्या नुसत्या बसत आणि "मला काय कळतंय त्यातलं" म्हणत. एके दिवशी असे कोडे आले: तीन डबे आहेत. एकावर 'साखर', एकावर 'मीठ', एकावर 'दोन्ही मिसळलेले' अशा चिठ्ठ्या आहेत. पण तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. एकाच डब्यातली चिमूट चाखून तिन्ही डबे ओळखा. आम्ही चौघी वाद घालत होतो. वहिनी हळूच म्हणाल्या, "ज्यावर मिसळलेलं लिहिलंय, त्यात मिसळलेलं नक्कीच नाही. मग तोच चाखा की." तेथेच कोडे सुटले. त्यात मीठ लागले, तर तो मिठाचा. 'साखर' लिहिलेल्यात साखर असणार नाही, मीठ तर सापडले. म्हणून त्यात मिसळलेले. उरलेल्यात साखर. आणि पहिल्यात साखर लागली, तर याच रीतीने उलटे. त्या दिवसापासून वहिनींनी "मला काय कळतंय" म्हणणे सोडले.

यंदा त्यांना एक फोन आला. "बँकेतून बोलतो, खाते बंद होणार आहे, मोबाईलवर आलेला आकडा सांगा." वहिनींनी विचारले, "खातं तुमच्याच बँकेत आहे, तर मला आलेला आकडा तुम्हांला कशाला हवा?" पलीकडच्याला उत्तर देता येईना. त्यांनी फोन ठेवून दिला. मैत्रिणींनो, त्या खात्यात त्यांच्या शिवणकामाची सारी शिल्लक होती. "कशावरून?" हा एक प्रश्न अंगवळणी पडला, म्हणून ती वाचली. तो आकडा कुणालाही सांगू नका. आणि कुणी फसलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा.

बायकांच्या या बुद्धीचा उपयोग जगाने करून घेतलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे गुप्त संदेश उलगडत. तेथील माणसांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. १९४२ च्या जानेवारीत एका वृत्तपत्राने शब्दकोडे १२ मिनिटांत सोडवण्याची स्पर्धा घेतली, आणि त्यातल्या काहींना पुढे या कामासाठी बोलावणे आले. कित्येकींनी हे काम पुढे अनेक वर्षे घरीदेखील सांगितले नाही.

आमचे नियम थोडे आहेत. जिला उत्तर आधी आले तिने ते सांगायचे नाही, फक्त खूण द्यायची. कारण आयते उत्तर म्हणजे दुसरीच्या ताटातला घास उचलणे. न समजले तर तिसऱ्यांदाही विचारायचे, आणि कुणी हसायचे नाही. घड्याळात पाऊण तास झाला की उठायचे. रुसवेफुगवे होतात, पण कोडे पुरे करायचे म्हणून पुन्हा एकत्र यावे लागते, हाही एक फायदाच.

आता मंडळाकडे माझे एक मागणे आहे. दर बुधवारी दुपारी मंडळाच्या खोलीत एक तास कोड्यांसाठी मिळावा. ज्यांच्याजवळ मोबाईल नाही, त्यांनी वही-पेन्सिल आणावी. कोडे आम्ही फळ्यावर उतरवून देऊ. शिक्षण किती, हे कुणी विचारणार नाही. ज्या भगिनी "मला काय कळतंय" म्हणून घरी बसल्या आहेत, त्यांची आम्ही विशेष वाट पाहू. त्यांना एवढाच निरोप: चक्कीन चया!