साथीचा काळ आणि सत्तेची मुदत

गोव्यातील अकरा नगरपालिकांची पाच वर्षांची मुदत ४ नोव्हेंबर २०२० रोजी संपली. उत्तर गोव्यातील पेडणे व डिचोली या दोन नगरपालिका त्या अकरांत होत्या. पेडण्याचे प्रभाग दहा, डिचोलीचे चौदा. एका दिवसात या दोन शहरांचे चोवीस नगरसेवक पायउतार झाले आणि त्यांच्या जागी सरकारने नेमलेले प्रशासक कारभार पाहू लागले. एरव्ही ही गोष्ट फारशी कोणी मनाला लावून घेतली नसती. परंतु तो काळ कोरोनाच्या साथीचा होता, आणि सरकारचा हात सामान्य माणसाच्या उंबरठ्याच्या आत पोचावा असे दिवस तेव्हा आले होते.

साथीच्या दिवसांत नगरसेवकाचे काम काय असते, हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगावयास नको. २०२० च्या मार्चअखेरीस गोव्यात टाळेबंदी लागू झाली तेव्हा पहिले काही दिवस किराण्याची दुकानेसुद्धा बंद होती. तांदूळ संपला, दूध मिळेना, म्हाताऱ्यांची रोजची औषधे संपत आली, अशी ओरड चहूकडून झाल्यावर सरकारला निर्णय फिरवावा लागला आणि दुकाने उघडली. ही ओरड सचिवालयापर्यंत नेतो कोण? गावात पंच नेतो, शहरात नगरसेवक नेतो. कोणाच्या घरात विलगीकरणात माणसे आहेत, कोणाकडे शिधा पोचला नाही, डिचोलीचा बुधवारचा बाजार भरावा की न भरावा, भरला तर भाजी विकणाऱ्या बायांनी बसावे कोठे, हे प्रश्न कोणत्याही परिपत्रकात मावत नाहीत. ते दाराशी विचारले जातात आणि दाराशीच सुटतात. प्रशासक वाईट असतो असे मुळीच नव्हे. पुष्कळदा तो अधिक कार्यक्षमही असतो. परंतु त्याला पुन्हा कोणाच्या दारी मत मागावयास जावयाचे नसते. त्यामुळे त्याला पाठविलेल्या अर्जास उत्तर येते, अडचणीस येतेच असे नाही.

योगायोग असा की, त्या वेळचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत हे डिचोली तालुक्यातील साखळी मतदारसंघाचे, विधानसभेचे सभापती राजेश पाटणेकर डिचोलीचे, आणि दोघा उपमुख्यमंत्र्यांपैकी एक, मनोहर उर्फ बाबू आजगावकर, पेडण्याचे आमदार. राज्यातील तीन थोर पदे या दोन तालुक्यांच्या वाट्यास आली होती. गटार तुंबले तर ज्याच्याकडे जावे तो मनुष्य मात्र साडेचार महिने जागेवर नव्हता.

या दोन तालुक्यांस साथीचा जाच आणखी एका बाजूने होता. दोन्ही सीमेवरचे तालुके. पेडण्यास पत्रादेवीचा नाका, डिचोलीस दोडामार्गचा. पलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा. पण बांद्याचा तरुण म्हापशास कामाला येतो, दोडामार्गचा रुग्ण बांबोळीच्या इस्पितळात येतो, आणि लेकीसुना तर पिढ्यान्‌पिढ्या या सीमेच्या अल्याड-पल्याड नांदत आहेत. पेडणे तालुक्यातीलच तेरेखोल गाव नदीच्या पैलतीरी, महाराष्ट्राच्या कुशीत वसलेले. केरीची फेरीबोट हाच त्याचा उर्वरित गोव्याशी सरळ धागा. अशा मुलखात सीमा बंद करणे म्हणजे नकाशावरील रेघ कोणाच्या तरी अंगणातून ओढणे होय.

सीमेवर निर्बंध घालूच नयेत, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. भारतीय घटनेने देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क दिला आहे, तसाच सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी बंधने घालण्याचा अधिकारही शासनास दिला आहे. सारा भर ‘वाजवी’ या शब्दावर आहे. २०२० च्या जूनमध्ये येणाऱ्यापुढे तीन वाटा होत्या : रोग नसल्याचा दाखला आणावा, घरी चौदा दिवस अलग राहावे, किंवा २००० रुपये भरून चाचणी करून घ्यावी. मोटारीने येणाऱ्या पाहुण्याला २००० रुपये ही रक्कम किरकोळ. रोजंदारीवर येणाऱ्या गवंड्याला ती कित्येक दिवसांची कमाई. नियम एकच, परंतु त्याचा भार दोघांवर सारखा पडत नाही. पुढे २०२१ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेच असा दाखला सक्तीचा केला. मात्र तो उघड न्यायालयात, दोन्ही बाजू ऐकून आणि कारणे लिहून केला. बंधन तेच असले तरी ते येण्याची रीत निराळी असते, आणि नागरिकाच्या दृष्टीने या रीतीलाच महत्त्व असते.

पत्रादेवीच्या नाक्यास तर या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच ठिकाणी निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचा तरुण कर्नेलसिंग येथेच पडला. हुतात्म्यांचे स्मारक तेथे उभे आहे. त्या राजवटीत गोमंतकीयाला सभा भरविण्याची मुभा नव्हती, आणि छापावयाचा कागद आधी सेन्सॉरच्या हातून जावा लागे. मुक्तीनंतर, डिसेंबर १९६३ मध्ये, येथील सामान्य माणसाने पहिल्या विधानसभेसाठी मत दिले. ज्या मुलखात मतदानाचा हक्क इतका अलीकडचा आणि इतका महाग पडलेला, तेथे मतदान पुढे ढकलले जाते तेव्हा त्याचा हिशेब काटेकोरपणे मागणे रास्तच ठरते.

तो हिशेब आता पाहावयाचा. ज्या दिवशी देशभर जनता संचारबंदी पाळली गेली, त्या २२ मार्च २०२० रोजीच गोव्यात जिल्हा पंचायतींचे मतदान व्हावयाचे होते. ते पुढे गेले, आणि जावयासच हवे होते. नगरपालिकांची निवडणूकही प्रथम तीन महिने लांबली. यातही दोष नाही. घटनेच्या २४३-यू या कलमानुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही, आणि नवी निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पुरी झाली पाहिजे. तथापि अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच दंगल किंवा नैसर्गिक आपत्ती यांसारख्या असामान्य कारणांसाठी थोडी वाट ठेवली होती. साथ हे असे कारण निःसंशय आहे.

परंतु १२ डिसेंबर २०२० रोजी जिल्हा पंचायतींचे मतदान पार पडले. धारगळचा शेतकरी, तोरशाचा दुकानदार, लाटंबार्शाची गृहिणी, मयेचा शिक्षक, सर्वांनी तोंडाला मुखपट्टी बांधून, अंतर राखून मत दिले. त्यानंतर महिनाभराने, १४ जानेवारी २०२१ रोजी, नगरपालिकांची निवडणूक मात्र आणखी पुढे, एप्रिलपर्यंत, नेण्यात आली. धारगळास मतदान करता येते आणि हाकेच्या अंतरावरील पेडणे शहरास करता येत नाही, याचा उलगडा रोगाच्या विज्ञानातून होणे कठीण. विषाणूस पंचायत आणि नगरपालिका यांच्या हद्दी ठाऊक असल्याचे कोठे आढळलेले नाही.

हा निर्णय घेतला कोणी, हे त्याहून महत्त्वाचे. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, ३ नोव्हेंबर २०२० रोजी, राज्याच्या कायदा सचिवांकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त भार सोपविण्यात आला होता. म्हणजे सरकारच्या सेवेत असलेला अधिकारीच सरकारपासून स्वतंत्र असावयाच्या आसनावर बसला. व्यक्ती कितीही सचोटीची असली तरी सकाळी सरकारला सल्ला देणारा मनुष्य दुपारी सरकारविरुद्ध निर्णय देईल, अशी अपेक्षा घटनेने कोणाकडून केलेली नाही; म्हणून तर तिने हे पद वेगळे ठेवले.

प्रकरण न्यायालयात गेले ते प्रभागांच्या आरक्षणावरून. स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवण्याचा घटनेचा दंडक पाळला न गेल्याने उच्च न्यायालयाने १ मार्च २०२१ रोजी मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे व केपे या पाच नगरपालिकांपुरता सरकारचा आदेश रद्द केला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ मार्च रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरीमन यांच्या खंडपीठाने निकाल दिला. उच्च न्यायालयाचा निर्णय तर कायम झालाच. शिवाय सरकारी नोकराकडे निवडणूक आयुक्तपद सोपविणे ही घटनेची थट्टा असल्याचे सांगून, केंद्र वा राज्य सरकारच्या सेवेतील कोणासही हे पद देऊ नये, असे या न्यायालयाने बजावले. हे बंधन केवळ गोव्यास नव्हे, सर्व राज्यांस घातले गेले. पाच शहरांतील निवडणूक ३० एप्रिलपूर्वी पुरी करण्यासही न्यायालयाने फर्माविले.

पेडणे आणि डिचोली यांचे आरक्षण या वादात सापडले नव्हते, म्हणून तेथे २० मार्च २०२१ रोजी मतदान होऊन दोन दिवसांनी मोजणी झाली. इतर पाच शहरांचे मतदान २३ एप्रिल रोजी आले, म्हणजे नेमक्या दुसऱ्या लाटेच्या तोंडावर. हिवाळ्यात, साथ ओसरलेली असताना जे काम निर्धोकपणे उरकता आले असते, ते चालढकलीपायी सर्वांत वाईट पंधरवड्यात करावे लागले. लोकांच्या प्रकृतीच्या नावाखाली लांबविलेली निवडणूक अखेर त्याच प्रकृतीस अपायकारक वेळी झाली. २६ एप्रिलला मोजणी झाली आणि २९ च्या संध्याकाळी गोव्यात पुन्हा टाळेबंदी लागली.

मे महिना कसा गेला ते गोमंतकीय विसरणार नाहीत. ११ मे रोजी पहाटे दोन ते सहा या चार तासांत गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात २६ रुग्ण दगावल्याचे खुद्द तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले. प्राणवायूअभावी आणखी कोणी दगावणार नाही याची खबरदारी घेण्याचा आदेश उच्च न्यायालयास दुसऱ्याच दिवशी द्यावा लागला. पेडण्याचे दहा आणि डिचोलीचे चौदा नवे नगरसेवक तोवर जेमतेम दीड महिन्याचे झाले होते. प्राणवायूची नळकांडी त्यांच्या हाती नव्हती. पण बांबोळीला नेलेल्या माणसाची खबर आणा, म्हणून रात्री अपरात्री ज्याचे दार ठोठवावे, असे एक घर प्रत्येक प्रभागात पुन्हा झाले होते.