साखर निघाली, म्हणजे काय झाले?



आजचा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत आपल्या माणसांच्या घरी जाणे-येणे असते, आणि हल्ली एक वाक्य वरचेवर कानांवर पडते. "त्यांना साखर निघाली." हे वाक्य आवाज खाली आणून बोलले जाते. घरात काही लाजिरवाणे घडले असावे, असा तो सूर असतो. मुलीचे लग्न ठरेपर्यंत रिपोर्ट ट्रंकेत ठेवणारी आई आम्ही पाहिली आहे. सोबतीच्या कामगारांना कळू नये म्हणून डबा खाण्याआधीची गोळी न घेणारा कामगारही पाहिला आहे. म्हणून औषधाच्या आधी आम्हाला या लाजेबद्दल बोलावयाचे आहे.

रिपोर्ट हाती आला की पहिला प्रश्न येतो, "मलाच का?" शेतमजुरी करणारा, अंगावर मांस नसलेला मनुष्य विचारतो, "साहेब, मी जाडा नाही, मिठाई खात नाही, हा तर शेठ लोकांचा रोग. मग मला कसा?" म्हातारी माणसे उत्तर देऊन मोकळी होतात, की मागल्या जन्मीचा भोग. आपण ज्या विचाराने चालतो त्यात या उत्तराला जागा नाही. परंतु नुसते "भोग नाही" म्हणून भागत नाही. खरे कारणही सांगता आले पाहिजे.

ते कारण शोधण्याचे मोठे काम आपल्या पुणे जिल्ह्यातच झाले आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. (याच रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे कामही आपल्या शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकला, चालते.) आपल्याकडील बाळाचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील बाळाचे ३.५ किलो. हाडकुळे बाळ म्हणजे चरबी नसणार, असे कोणालाही वाटेल. पण मोजल्यावर दिसले, की मांस कमी असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने बरीच टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीदार, अशी ही शरीराची ठेवण आहे. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मोजणी लॅन्सेट या नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पोटात असताना ज्या बाळाला पुरेसे मिळाले नाही, त्याचे शरीर टंचाईच्या बेताने घडते. पुढे त्याला पोटभर भाकरी-भात, चहा-साखर मिळू लागली आणि अंगमेहनत कमी झाली, की तेच शरीर साखर आवरू शकत नाही. ज्यांच्या आया-आज्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, अर्धपोटी राहून बाळंतपणे काढली, त्यांच्या नातवंडांना हा रोग गाठतो, यात नवल काय आणि लाज कसली? लाज वाटायचीच असेल, तर ज्या व्यवस्थेने त्या बायांना उपाशी ठेवले तिला वाटावी.

दुसरे उदाहरण सर्वांना माहीत असलेले, पण या अंगाने आपण ते सांगत नाही. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४७-४८ च्या सुमारास प्रकृती फार ढासळली, पायांतील वेदनांनी झोप लागेना. मुंबईत डॉ. मालवणकर यांचे उपचार घेत असताना त्यांच्याकडे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाला. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला त्यांनी घटनेचा मसुदा घटनासमितीपुढे मांडला. आजार त्यांनी लपविला नाही. मार्च १९५६ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने नोंदविले आहे. आणखी एक गोष्ट मनाला चटका लावते. आज आरोग्य केंद्रात मिळणारी मेटफॉर्मिनची गोळी मधुमेहासाठी फ्रान्समध्ये वापरात आली १९५७ मध्ये, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर. बाबासाहेबांना जी मिळाली नाही, ती गोळी आपण फडताळात विसरतो.

आता रिपोर्टविषयी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अगर तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी चाचणी ६.५ किंवा अधिक आली, तर मधुमेह समजतात. काही त्रास नसताना एकाच तपासणीवर शिक्का मारू नये, पुन्हा तपासून घ्यावे. आकडा स्वतः विचारून वहीत तारखेसह लिहावा. "थोडी आहे", "बॉर्डरवर आहे" एवढ्यावर घरी परतू नये.

सर्वांत जास्त घात होतो तो "बरा झालो" या शब्दाने. ताप बरा होतो, खरूज बरी होते, त्यामुळे दोन महिन्यांनी साखर नेमात आली की आपला माणूस गोळी बंद करतो. साखर नेमात आली ती गोळीने आणि पथ्याने, हे तो विसरतो. हा रोग आटोक्यात राहतो, सांभाळावा लागतो. ज्याला नोकरीत रोज हजेरी लावण्याची सवय आहे, त्याला हे समजायला अवघड जाऊ नये.

पथ्याबाबत आपल्या भागात एक खास घोटाळा आहे. दौंडकडे गुऱ्हाळे भरपूर, म्हणून साखर सोडून गुळाचा चहा सुरू होतो. गुळानेही रक्तातील साखर वाढतेच. शिरूरकडे बाजरीची भाकरी चांगली म्हणून चार खाल्ल्या जातात. भाकरी चांगलीच आहे, पण मोजून खावी, सोबत डाळ, पालेभाजी वाढवावी. कारल्याचा रस, जांभळाची पूड हवी तर डॉक्टरांना सांगून घ्या, मात्र त्यापायी गोळी सोडू नका. इन्शुलिन म्हणजे शेवट, हीही खुळी समजूत. १९२२ मध्ये टोरांटोत ज्या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम दिले, तो मरणाच्या दारातून परतून आणखी तेरा वर्षे जगला. मात्र इन्शुलिन घेणाऱ्याला दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, तर शुद्धीवर असेतो लगेच साखरपाणी द्यावे. इथे साखरच औषध.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील रिपोर्ट तुम्ही वाचून दाखवा. ज्यांना साखर आहे त्यांचे तळपाय रोज रात्री उजेडात पाहा. पायांची जाणीव कमी झालेल्या माणसाला काटा रुतलेला कळत नाही. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

कोणी रिपोर्ट सोबत आणला असेल, तर सभा संपल्यावर दाखवावा. सर्वांसमोर विचारायला संकोच वाटत असेल, तर आम्ही मागच्या खोलीत बसलो आहोत.