एच.आय.व्ही.वरील नवे उपचार आणि आपला वधू-वर परिचय
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सिल्लोड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे, तो स्नेहसंमेलनात शोभणारा नव्हे, असे दोन-तीन वडीलधाऱ्यांनी काल आम्हांस बोलून दाखविले. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. तथापि वधू-वर परिचय पुस्तिकेच्या नमुन्यात रक्तगटाच्या खाली 'एच.आय.व्ही. तपासणी' असा नवा रकाना घालावा, अशी सूचना यंदा मंडळाकडे आली असून तिचा निर्णय आज दुपारच्या बैठकीत व्हावयाचा आहे. निर्णय घ्यावयाचा तर वस्तुस्थिती ठाऊक असावयास हवी. आणि या रोगाविषयी आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात जे चित्र आहे ते वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे आहे.

आपल्या देशात हा विषाणू प्रथम सापडला तो १९८६ साली, मद्रास येथे. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी जमविलेल्या रक्ताच्या नमुन्यांत तो आढळला. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील कन्या. पुढे १९९३ साली त्यांनी आपल्या वडिलांच्या नावाने 'वाय. आर. गायतोंडे' केंद्र स्थापन केले. ज्या काळी या रुग्णांस हात लावावयास वैद्य धजत नसत, त्या काळी या बाईंनी त्यांच्यासाठी दार उघडे ठेविले. त्यांच्या आणखी एका कार्याकडे आम्हांस शेवटी वळावयाचे आहे.

उपचारांच्या इतिहासात आपल्या मुंबईचे नाव मोठे आहे. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणू दबतो हे सिद्ध झाले. परंतु एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या डॉ. युसूफ हमीद यांनी तीच औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केली आणि साऱ्या जगातील भावाचे गणित बदलले. आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला. आपल्या भागातील रुग्ण त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातील एआरटी केंद्रात जात आले आहेत.

ती पहिली औषधे सोपी नव्हती. स्टॅव्हुडीनने पायांना मुंग्या येत, गाल बसत. आणि बसलेले गाल पाहूनच गाव काय ते ओळखी. पुढे एफाव्हिरेन्झ आले, त्याने रात्री भलभलती स्वप्ने पडत. आज मिळते ती गोळी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची मिळून एकच, दिवसातून एकदा घ्यावयाची. २०२०-२१ पासून ती आपल्या सरकारी केंद्रांत देण्यात येऊ लागली. तिचा उपद्रव थोडा, आणि विषाणूला तिच्यातून वाट काढणे पुष्कळच अवघड. पूर्वी रक्तातील सीडी-४ पेशी ठरावीक आकड्याखाली घसरेपर्यंत उपचारासाठी थांबावे लागे. २०१७ पासून ती अट राहिली नाही. निदान झाले की गोळी सुरू.

येथे आम्हांस एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, आणि ती सांगताना मान खाली जाते. सुमारे अठरा वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक तरुण मालमोटारीच्या धंद्यात असताना या रोगाने गेला. त्याची पत्नी पदरी तान्हे मूल घेऊन राहिली. तपासणीत तिलाही बाधा निघाली. सासरने तिचे ताट-तांब्या वेगळा केला, मग खोली वेगळी केली, मग माहेरी धाडले. त्या वर्षी महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या यादीतून तिच्या सासूचेही नाव गळले. ती यादी आमच्या डोळ्यांखालून गेली होती. आम्ही काही बोललो नाही.

ती बाई दर महिन्यास एस.टी.ने घाटीत जाई. शेजारणींना सांगे की डोळे तपासावयास जाते. मुलाची तपासणी तो दीड वर्षाचा झाल्यावर झाली, ती निर्दोष निघाली. आज ती शिवणकाम करते, मुलगा महाविद्यालयात आहे, आणि तिच्या रक्तात विषाणू यंत्राला सापडत नाही इतका कमी आहे. तिच्या संमतीवाचून आम्ही हे सांगितलेले नाही.

'सापडत नाही' म्हणजे काय, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. सिल्लोडच्या श्रोत्यांना मिरचीचे उदाहरण पुरे. पाने आकसलेली पाहून चुरडा-मुरड्याचा अंदाज बांधणे ही रोगाची एक मोजणी. आणि पान उलटून खालचे फुलकिडे मोजणे ही दुसरी. सीडी-४ ही पहिल्या प्रकारची तपासणी. शरीराचे नुकसान किती झाले हे ती सांगते. 'व्हायरल लोड' ही दुसऱ्या प्रकारची. रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये विषाणू किती, हे ती सांगते. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि त्यानंतर दरवर्षी ही मोजणी होते. आकडा हजाराच्या वर निघाला तर प्रथम पाहावयाचे ते हे, की गोळ्या चुकत आहेत काय. पुष्कळ वेळा त्याचे कारण औषधाचा दोष नसून घरात गोळ्यांची डबी लपवावी लागते, हे असते. पाहुणे आले की गोळी राहते. लग्नघरी आठ दिवस मुक्काम पडला की आठ दिवस राहते.

या मोजणीतूनच अलीकडचा सर्वांत मोठा शोध पुढे आला. एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी अशा १७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक अभ्यास झाला; त्यात चेन्नईबरोबर आपले पुणेही होते. १९९२ साली पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा त्यात सहभाग होता. २०११ साली निष्कर्ष आला, की लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदारास लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटले. त्यानंतरच्या युरोपातील अभ्यासांत, ज्यांच्या रक्तातील विषाणू पूर्ण दबला होता त्यांच्याकडून जोडीदारास झालेली एकही लागण आढळली नाही. अर्थ असा, की नियमित गोळी घेणारा आणि विषाणू न सापडणारा मनुष्य शरीरसंबंधातून हा रोग देत नाही. एका ताटात जेवल्याने तर तो कधीच लागत नव्हता. ती भीती आपणच निर्माण केली होती. आईकडून मुलास होणारी लागणही, जी उपचारांविना शंभरात पंधरा ते पंचेचाळीस मुलांना होई, ती आता पाचांहून खाली आणता येते.

आता रकान्याकडे वळू. सूचना करणाऱ्यांचा हेतू आम्हांस मान्य आहे. आपल्या मुलीची काळजी कोणास नसते? परंतु हा रकाना ती काळजी दूर करीत नाही. लागण झाल्यावर काही आठवडे तपासणीत दोष दिसत नाही. मेळाव्यात 'निर्दोष' लिहिले आणि लग्न वर्षाने झाले, तर त्या शब्दाची किंमत ती काय? शिवाय ज्याने रकाना रिकामा ठेविला, त्याच्याविषयी सिल्लोडपासून भोकरदनपर्यंत कुजबुज सुरू होईल. कायदाही येथे आडवा येतो. २०१७ साली संसदेने केलेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एच.आय.व्ही. व एड्सविषयक अधिनियम कोणाचीही तपासणी त्याच्या जाणत्या संमतीवाचून करू देत नाही, आणि कोणासही आपली स्थिती सक्तीने उघड करावयास लावू देत नाही. मात्र बाधित मनुष्याने जोडीदारास जपावे, हे कर्तव्यही त्यात घातले आहे. भावी जोडीदारापासून ही गोष्ट लपवावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती त्या दोघांनी एकमेकांस सांगावी. छापील पुस्तिकेतून दोनशे घरांना सांगण्याची ती गोष्ट नव्हे.

सुनीतीबाईंचे जे कार्य सांगावयाचे राहिले होते ते हेच. त्या आपल्या रुग्णांची लग्ने जुळवीत असत. बाधित वराला बाधित वधू पाहून देत आणि अगदी आपल्याकडील मावशी-आत्यांप्रमाणे शिक्षण, भाषा, आवडीनिवडी पाहत. २०१५ साली त्या निवर्तल्या. आपल्या मंडळाजवळ वधू-वर सूचक म्हणून तीस वर्षांचा अनुभव आहे. तो या कामी गुप्तपणे उपयोगी पडू नये काय?

रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. कर्करोगासाठी अस्थिमज्जा बदलावी लागलेले जगातील मोजके रुग्ण विषाणुमुक्त झाले, परंतु तो मार्ग इतरांसाठी नव्हे. तेव्हा 'मुळासकट काढतो' अशा जाहिराती लावणाऱ्यांस एक पैसाही देऊ नये. लसही नाही, पुण्यास २००५ साली एक चाचणी झाली, तिच्यातून लस हाती आली नाही. मात्र लेनाकापाव्हिर नावाचे, सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाचे प्रतिबंधक इंजेक्शन आले आहे. आफ्रिकेतील ज्या २१३४ तरुणींना ते दिले गेले, त्यांपैकी एकीसही लागण झाली नाही, असे २०२४ साली जाहीर झाले. ते स्वस्तात बनविण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे. देशात बाधितांची संख्या सुमारे पंचवीस लाख, आणि त्यांत सर्वांत अधिक आपल्या महाराष्ट्रात. हे लक्षात घेता अशा औषधाची वाट आपणही पाहावयास हवी.

दुपारच्या बैठकीत आमचे मत रकान्याच्या विरुद्ध पडेल. त्याऐवजी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर दोन ओळी छापाव्यात, अशी आमची उपसूचना आहे: विवाहापूर्वी उभयतांनी आपखुशीने सरकारी केंद्रात विनामूल्य व गुप्त तपासणी करून घ्यावी, आणि शंका असल्यास १०९७ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. त्या पानाचा छपाईखर्च आम्ही सोसू. आणि पुढील संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या यादीत एक नाव पुन्हा घालावयाचे आहे. ती यादी महिला मंडळाच्या चिटणीसबाईंनी आम्हांस दाखवावी, ही विनंती.