स्पॅममध्ये गेलेलं पत्र

मागच्या वर्षी शिरूर तालुक्यातल्या आमच्या एका गटाला प्रदर्शनात स्टॉल मिळाला. तसं पत्र ई-मेलवर आलंही होतं, पण ते स्पॅममध्ये पडलं. आम्हाला दिसलं तेव्हा होकार कळवायची मुदत संपली होती. तयार केलेली शेंगदाणा चटणी गावातच विकावी लागली.

जीमेल नको असलेली पत्रं आपोआप बाजूला काढतं. पण पाखडताना कोंड्याबरोबर चार दाणे जातात, तसं इथंही होतं. आणि स्पॅममधलं पत्र 30 दिवसांनी कायमचं पुसलं जातं.

म्हणून शिरूर-दौंडच्या आमच्या गटांनी नेम केलाय. बैठकीत बचत गोळा झाली की स्पॅम उघडायचं. कामाचं पत्र असेल तर ‘नॉट स्पॅम’ दाबायचं. नकोशा जाहिराती पाठवणाऱ्याला ‘ब्लॉक’ करायचं. संगणकावर सेटिंगमध्ये फिल्टर लावून, अमुक पत्त्याची पत्रं स्पॅममध्ये टाकू नको, असंही सांगता येतं.

मात्र बक्षीस लागलंय, ओटीपी द्या, असं पत्र असेल तर त्यातल्या लिंकला हात लावायचा नाही. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करायचा.

गटाचा ई-मेल एकीच्याच मोबाईलवर असतो. पुढच्या बैठकीत तो सगळ्याजणींनी मिळून उघडा.