शेततळ्यातले मासे एका जागी यावेत म्हणून

तळ्यातला मासा हव्या त्या जागी कसा आणायचा, यावर थंड देशांत ट्राउट नावाच्या माशाला धरून बरेच लिहिले गेले आहे. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात तो काश्मीर आणि निलगिरीच्या गार पाण्यात आणून सोडला गेला. पाणी साधारण 20 अंशांच्या वर चढले की तो कासावीस होतो, आणि नेमके त्याच्या खाली उतरले की आपल्या रोहू-कटल्याची भूक मंदावते. नांदेड-लातूरच्या शेततळ्यांत ट्राउट जगणार नाही, पण प्रश्न आपल्यालाही आहे, आणि तो हौशी गळवाल्यापेक्षा शेतकऱ्याच्या जास्त गरजेचा आहे. मासे काढण्यासाठी मत्स्यशेतीचे तळे उपसता येते, आपले शेततळे नाही. त्यातले पाणी मोसंबीसाठी, भाजीपाल्यासाठी जपलेले असते. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात ते उपसा, असे कोण म्हणेल? तेव्हा पाणी राखून मासे काढायचे, तर मासेच एका कोपऱ्यात यायला शिकले पाहिजेत.

आणि ते शिकतात. रोहू, कटला, मृगळ यांच्या कुळात हवेची पिशवी आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना आवाज चांगला कळतो. याच जडणघडणीच्या एका आंधळ्या माशाला प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी शिट्टी वाजवून खाणे दिले. पुढे नुसत्या शिट्टीवर तो दडण्याच्या जागेतून बाहेर येऊ लागला. हे संशोधन 1923 साली प्रसिद्ध झाले. म्हणून उग्र वासाच्या आमिषापेक्षा ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि काठावरच्या डब्याचा तोच ठोका यांवर माझा भरवसा जास्त आहे. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग घेऊन भोके पाडलेल्या पिशवीत भरावा आणि पिशवी बांबूला टांगावी. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या. मृगळ तळाशी असतो, त्याच्यासाठी एक टोपली खाली सोडावी. पहाटे मात्र खाणे घालू नये. रात्रभर वनस्पतींनीही प्राणवायू वापरलेला असतो आणि तेव्हा तो सगळ्यांत कमी असतो. ऊन चढल्यावरची वेळ बरी.

यावर काही जण म्हणतात, मग पेंड भरपूर टाकली की मासे आपोआप जमतील. उलट होते. उरलेली पेंड तळाशी कुजते, कुजताना प्राणवायू खाते, आणि मासे त्याच कोपऱ्याला टाळू लागतात. माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन-तीन इतकेच खाद्य दिवसभरात द्यावे, टोपलीत उरले तर दुसऱ्या दिवशी कमी करावे, ढगाळ दिवशी हात आखडावा. दुसरी शंका अधिक रास्त आहे: प्लॅस्टिकच्या अस्तराला गळ किंवा बांबूचे टोक लागले तर तळेच गळेल. म्हणून बांबू आत रोवू नये, काठावरून आडवा काढावा, आणि मासे जमल्यावर गळाऐवजी मऊ दोराचे जाळे वापरावे. झाडाच्या फांद्या टाकून आडोसा करण्याची रीत नदीत ठीक, अस्तराच्या तळ्यात नको. जाळेही तिथेच अडकते. सावली हवी तर त्या कोपऱ्यावर काठावरून मांडव घालावा. ही सवय लावायला जानेवारीची थंडी सोयीची नाही, माशांची भूकच तेव्हा कमी असते. पावसाळ्यात बोटुकली सोडली की तेव्हापासूनच एक जागा धरावी, म्हणजे उन्हाळ्यात पाणी आटायच्या आत मासे काढता येतील.