आजारी माणसामागचं घर

कर्ता माणूस दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळला, की औषधपाण्याच्या ओढाताणीत मुलांची शाळा सुटायला वेळ लागत नाही. अशा रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ सुरू झाली आणि पुढे गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. ते नर्सबरोबर घरी जातात, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रुग्णाची कूस कशी बदलायची ते घरच्यांना दाखवतात, डब्यात तांदूळ आहेत का तेही बघतात. मुलांच्या वह्या-पुस्तकांना लोकवर्गणीचा हातभार लागतो. माझ्या मते वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनइतकाच हाही उपचार आहे. २००८ मध्ये केरळ सरकारने अशा सेवेसाठी धोरणच आखलं. तुमच्या आळीत असं घर असेल, तर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या कानावर घाला. स्वतःही जाऊन या.